उघड्या रानाचा नकाशा

मराठवाड्याचं रान मे महिन्यात सगळ्यात चांगलं वाचता येतं. रब्बीची ज्वारी निघालेली असते, हरभरा घरात आलेला असतो, शेतं नांगरून उन्हाला टाकलेली असतात. डोंगरावरचं कुसळी गवत वाळून, जनावरांनी चरून जमिनीलगत आलेलं असतं. साग आणि सालई निष्पर्ण उभ्या असतात. अशा वेळी एखाद्या सोंडेवर चढून उभं राहिलं की पुढच्या दोन सोंडा, त्यांच्यामधली घळ, घळीच्या तोंडाशी बांधलेला पाझर तलाव आणि त्याच्याही पलीकडची पांढरी गाडवाट असं सगळं एका नजरेत येतं. हीच जागा ऑगस्टमध्ये ओळखू येत नाही. गवत कमरेला लागतं, ओघळी झाकल्या जातात आणि पायथ्याला पिकं उभी असतात, त्यामुळे कुणाच्या शेतातून पाय टाकायचा विषयच राहत नाही.

नकाशा आणि होकायंत्र घेऊन डोंगरातून पळण्याचा जो खेळ आहे, ओरिएंटियरिंग, तो शिकायला असं उघडं रान लागतं. आणि ते नेमकं अशा दिवसांत उघडतं जेव्हा दहा वाजल्यानंतर कुणी घराबाहेर पडू नये असं थोरली माणसं सांगतात. त्यांचं ऐकायचं आणि तरीही डोंगरात जायचं, हे दोन्ही कसं साधायचं याचा विचार मी गेली काही वर्षं करते आहे. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला सातारा डोंगर आहे, उत्तरेला लेण्यांचा डोंगर आहे, दौलताबाद ओलांडलं की खुलताबाद-म्हैसमाळचं पठार सुरू होतं. आमचा सगळा सराव याच मुलखात चालतो.

खेळ थोडक्यात सांगते. नकाशावर जांभळ्या रंगाचा त्रिकोण असतो, तिथून सुरुवात. मग क्रमांक टाकलेली वर्तुळं. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर रानात एक नारिंगी-पांढरी खूण टांगलेली असते, तिला कंट्रोल म्हणतात. शेवटी दुहेरी वर्तुळ. एका कंट्रोलवरून दुसऱ्याकडे कुठल्या वाटेनं जायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आखून दिलेली वाट नसते. मोबाइलवरचा नकाशा बघायचा नाही. 1919 मध्ये अर्न्स्ट किलांडर या स्वीडिश लष्करी अधिकाऱ्यानं स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवली आणि आजच्या रूपातला खेळ तिथून वाढला. 1961 मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. नकाशाचे रंग जगभर सारखेच: समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा) तपकिरी, पाणी निळं, दगड, कडे आणि वाटा काळ्या, मोकळं रान पिवळं, दाट झाडी हिरवी. पांढरा रंग म्हणजे सहज पळता येईल असं जंगल. स्वीडन-फिनलंडचे नकाशे पाहिले तर त्यांत पांढरा रंग भरपूर. आमचा नकाशा जवळजवळ सगळा पिवळा. त्या रंगांमध्ये सावलीसाठी रंग नाही, कारण तिकडे तो लागत नाही. इकडे लागतो, आणि माझं सगळं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

आमचे नकाशे आम्हीच काढतो. सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 चा नकाशा डोंगराची एकंदर ठेवण समजायला उत्तम आहे, पण त्यावर एक किलोमीटर दोन सेंटिमीटरमध्ये बसतो. पळताना एखादी ओघळ, एखादा कातळ नेमका सापडायला 1:10,000 लागतो, म्हणजे एका सेंटिमीटरला शंभर मीटर. उपग्रहाची चित्रं आणि 2000 मध्ये अंतराळयानातून रडारनं केलेल्या मोजणीची उंची यांवरून कच्च्या समोच्च रेषा मिळतात, ओपनओरिएंटियरिंग मॅपर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात त्या घेऊन बसायचं. पण त्या मोजणीचा एकेक चौकोन साधारण तीस मीटरचा. दोन पुरुष उंचीचा कडा त्यात सपशेल विरघळून जातो. म्हणून कागद छापून डोंगरात जायचं, चालत जायचं, आणि पेन्सिलीनं कडा, चर, वाट, एकटं झाड भरत राहायचं. ओरिएंटियरिंगचा अर्धा अभ्यास मला या चालण्यातच झाला असं वाटतं.

आमच्या डोंगरांना पायऱ्या आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे पसरले. त्यांतला घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो, सच्छिद्र थर झिजून उतार होतो. त्यामुळे समोच्च रेषा कागदावर एके ठिकाणी दाटतात, मग सैल होतात, पुन्हा दाटतात. एकदा हे लक्षात आलं की दूरचा डोंगरही ओळखीचा वाटायला लागतो, कारण समोरच्या सोंडेवरचा काळा पट्टा बहुधा आपण उभे आहोत त्या पट्ट्याच्याच पातळीला असतो. तो थर तोच असतो. पट्ट्यात खिंड कुठे आहे, गुरांची वाट कुठून वर चढते, हे हेरलं की अर्धी वाट ठरली.

आणि मग चर. मराठवाड्यातला क्वचितच एखादा डोंगर असेल ज्याच्या अंगावर सलग समतल चर खोदलेले नाहीत. पावसाचं पाणी अडून मुरावं म्हणून एकाच पातळीवर डोंगराला फिरत गेलेली ही खोदाई. दुरून बघितलं तर समोच्च रेषा जमिनीवरच आखून ठेवल्यासारख्या दिसतात. नकाशा तपासत फिरताना डोंगराच्या पायथ्याला एका वस्तीवर बसले होते. तिथल्या आजींनी कागद मागून घेतला. अक्षरओळख नव्हती त्यांना. तपकिरी रेघांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "अगं माय, ही तर आमच्या चराची रेघ हाय." मग त्यांनी सांगितलं, रोजगार हमीच्या कामावर पारदर्शक नळीत पाणी भरून दोघी दोन टोकांना उभ्या राहायच्या. "पाणी दोहीकडं सारखं आलं की तिथं फक्की टाकायची. तसंच फिरत फिरत डोंगराला येढा घालायचा." समोच्च रेषा म्हणजे काय हे मी कॉलेजच्या पोरांना फळ्यावर समजावून दमते. आजींनी ती कुदळीनं खोदलेली होती. त्या दिवसापासून नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला धडा मी चरावर घेते. चराच्या बांधावरून डोंगराला अर्धा वळसा घालायचा, एक पाऊलभरही वर किंवा खाली जायचं नाही, आणि अंगठा नकाशावर त्याच रेघेवरून सरकवत न्यायचा. रेघ सोंडेशी बाहेर येते, घळीशी आत जाते, हे पायांना समजतं.

हा धडा उन्हाळ्याच्या सरावाचाही पाया आहे. एका सोंडेच्या अल्याड आपण आणि पल्याड कंट्रोल. सरळ वर चढून उतरलं तर अंतर कमी, चरावरून वळसा घातला तर जवळजवळ दुप्पट. थंडीच्या दिवसांत हिशोब सोपा आहे: दहा मीटरची चढण म्हणजे सपाटीचे ऐंशी ते शंभर मीटर धरतात, तेवढं मोजायचं आणि ठरवायचं. उन्हात हा हिशोब मोडतो. चढताना शरीर उष्णता तर भरपूर निर्माण करतं, पण वेग पडलेला असतो, त्यामुळे अंगावरून वारा वाहत नाही. सपाटीवर पळणाऱ्याला स्वतःच्या वेगाचा वारा मिळतो. उन्हातली चढण अशी दोनदा महाग पडते. मेमध्ये मी वळसाच घेते, आणि वर पोहोचल्यावर नकाशा वाचण्याइतकं डोकं जागेवर असतं.

सूर्याबद्दल थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण पुस्तकं यात दगा देतात. दिशा ओळखण्याच्या जुन्या युक्त्या बहुतेक युरोपातून आलेल्या आहेत. भर दुपारी सूर्य दक्षिणेला असतो, घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरला की दक्षिण निघते, वगैरे. संभाजीनगर साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात इथे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य नेमका डोक्यावर. त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. घड्याळाची युक्ती या दिवसांत वापरली तर माणूस उलट्या तोंडाला जाईल. सकाळचंही तसंच. मेअखेरीस सूर्य पूर्वेला उगवत नाही, पूर्वेपासून बावीसेक अंश उत्तरेकडे उगवतो. उगवत्या सूर्याला पूर्व धरून किलोमीटरभर पळालं तर साडेतीनशे मीटरहून जास्त बाजूला पोहोचाल. होकायंत्र जवळ बाळगा, एवढंच. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशाचाही फरक नाही, ती एक सोय आहे. फक्त काळ्या कातळाला टेकवून वाचू नका, बसाल्टमध्ये लोहाचं खनिज असतं आणि सुई थोडी सरकू शकते.

सूर्याचं हे चलन एका धनगर मामांना आमच्यापेक्षा जास्त पाठ होतं. लेण्यांच्या डोंगरामागे मेंढरं घेऊन भेटायचे. आम्हाला सकाळी साडेआठला उगवतीच्या उतारावरून धापा टाकत चढताना बघून म्हणाले, "उन्हाचं मेंढरू बी या अंगानं चढत न्हाई, ताई. सकाळी मावळतीच्या अंगाला ऱ्हायचं, दुपारच्याला नाल्यात, चार वाजल्यानंतर उगवतीच्या अंगाला." पश्चिमेचा उतार सकाळी उशिरापर्यंत डोंगराच्या स्वतःच्या सावलीत असतो, संध्याकाळी पूर्वेचा. त्यांच्या या एका वाक्यावरून आम्ही नकाशाची दुसरी प्रत काढायला लागलो. त्या प्रतीवर राखाडी रंगात सावली दाखवलेली असते: सकाळी आठपर्यंत कुठल्या उतारावर ती टिकते, कुठल्या कड्याखाली दहापर्यंत, कुठलं झाड बसण्याजोगं. बाभळीची सावली विरळ, लिंबाची बरी, चिंचेची दाट. वड असेल तर त्याला आम्ही मोठं वर्तुळ देतो. हापसे आणि विहिरीही त्याच प्रतीवर, हापसा चालू की कोरडा आणि ते कधी तपासलं त्या तारखेसह, कारण मार्चचा चालू हापसा मेमध्ये हवा ओढत असतो.

पाण्याबद्दल आमचा एक नियम आहे आणि तो मोडलेला मला चालत नाही. ज्या गावाला टँकर येतो तिथे पाणी मागायचं नाही. मागितलं तर मराठवाड्यात कुणी नाही म्हणत नाही, तांब्या आधी पुढे येतो, म्हणूनच मागायचं नाही. आपलं पाणी आपल्या पाठीवर.

आता शरीराचं. पळताना स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेपैकी ढोबळमानानं तीन चतुर्थांश उष्णता होऊन बाहेर पडते. साठ किलोच्या माणसाला एक किलोमीटर पळायला साधारण साठ किलोकॅलरी लागतात. दहा किलोमीटर म्हणजे सहाशे, त्यातली साडेचारशे अंगाबाहेर टाकायची. हवाच अंगापेक्षा गरम असेल तर ती उष्णता हवेत जात नाही, उलट हवेतली आत येते. मग एकच दार उरतं: घाम वाळणं. एक लिटर घाम वाळला की सुमारे 580 किलोकॅलरी घेऊन जातो. वाळला पाहिजे, ही अट आहे. ठिबकून मातीत पडलेला घाम शरीरातलं पाणी आणि मीठ नेतो, उष्णता मात्र आतच राहते.

मराठवाड्याचा मे आणि मराठवाड्याचा जून यांतला सगळा फरक या अटीत आहे. मेमध्ये हवा कोरडी असते. पारा 42 वर असला तरी घाम येतो कधी आणि वाळतो कधी ते कळत नाही, फक्त टोपीवर मिठाची पांढरी कड उमटते. रोहिणी नक्षत्र संपत येतं, मृग लागतो, वळवाचे एक-दोन पाऊस पडून जातात. पारा 34 वर उतरतो आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. नेमका तेव्हा धोका वाढतो. हवेत आधीच इतकी वाफ असते की घामाला जायला जागा नसते. शर्ट अंगाला चिकटतो, कोपरातून धार लागते, नाडी चढलेलीच राहते. पळणारा मात्र म्हणतो, आज तर गारवा आहे, आज वेग वाढवू. 2014 च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीत तरुण दगावले होते. ती बातमी मला अजून विसरता येत नाही. जून, दमट हवा, आणि जीव तोडून पळणारी पोरं.

म्हणून आमच्याकडे सकाळी निघताना पारा बघत नाहीत, दवबिंदू बघतात, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो आकडा. हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये तो असतो. आर्द्रतेची टक्केवारी फसवी आहे, कारण पहाटे हवा थंड असल्यामुळे ती नेहमीच चढी दिसते आणि दुपारी उतरलेली. हवेत प्रत्यक्ष वाफ किती आहे ते दवबिंदू सांगतो. तो 15 अंशांच्या खाली असेल तर घाम छान वाळतो. 20 च्या वर गेला की चिकचिक सुरू. 24 गाठला तर आम्ही त्या दिवशी पळत नाही, नकाशा घेऊन चालतो. लष्करी सराव आणि मोठ्या स्पर्धांसाठी यापेक्षा नेमकी एक मोजणी आहे, ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक, उन्हातला काळा गोळा आणि साधा तापमापक अशा तिन्हींना मिळून काढलेली. तिच्यात ओल्या तापमापकाला सत्तर टक्के वजन दिलेलं आहे आणि साध्या पाऱ्याला फक्त दहा. जो आकडा आपण बातम्यांत ऐकून घाबरतो, त्याचं वजन तिथे सगळ्यात कमी आहे.

शरीर उन्हाला सरावतं, हे मात्र खरं आणि फार आनंदाचं आहे. रोज तास-दीड तास उष्णतेत हलका व्यायाम केला तर दहा ते चौदा दिवसांत ठळक बदल होतात. रक्तातला द्रव वाढतो, त्यामुळे त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी लागतात. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, आणि त्यातलं मीठ कमी होतं, कारण शरीर ते राखायला शिकतं. दोन-तीन आठवडे एसीच्या खोलीत काढले की यातलं बरंच ओसरतं, मग पुन्हा सुरुवात. आम्ही होळीनंतर सुरू करतो, उन्हाच्या पावलानं. पहिल्या पंधरवड्यात घड्याळ लावायचं नाही, शर्यत लावायची नाही, बोलता येईल इतक्याच वेगानं जायचं. निघताना आणि आल्यावर वजन करायचं. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. या आकड्यावरून ज्याचं त्याला कळतं की त्याला किती प्यायला लागतं, कारण दोन माणसांचा घाम सारखा नसतो. वजन उलट वाढलं असेल तर तीही धोक्याची खूण आहे. साधं पाणी घटाघटा पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि माणूस त्यानंही बेशुद्ध पडतो.

पिण्यासाठी माझी निवड घरचीच आहे. निघण्याआधी ज्वारीची आंबील, पाठीवर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, परतल्यावर ताक किंवा कैरीचं पन्हं. लांब सरावाला ओआरएसची पुडी. 1971 च्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना साखर-मिठाचं पाणी पाजून हजारोंचे जीव वाचवले. ग्लुकोज सोबत असलं की आतडं सोडियम आणि पाणी चटकन ओढून घेतं, हे त्यामागचं शास्त्र. तेच पाणी डोंगरात घामानं सुकलेल्या माणसाला उपयोगी पडतं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खिशात कांदा ठेवण्याबद्दल मला विचारतात. आमच्या आजोबांच्याही खिशात असायचा. खिशातला कांदा अंग थंड करत नाही. भाकरीबरोबर खावा, आणि खिशात त्या जागी मिठाची पुडी ठेवावी.

वेळ पहाटेची. उन्हाळ्यात संध्याकाळी सुटं होऊन पळायला निघणारे पुष्कळ आहेत, पण दिवसभर तापलेला काळा कातळ सूर्य मावळल्यावरही कितीतरी वेळ उष्णता टाकत राहतो. घळीत तर दोन्ही बाजूंनी. सगळ्यात कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास असतं. मेमध्ये इथे पावणेसहाच्या सुमारास उजाडतं, म्हणून आम्ही पाचला पायथ्याशी असतो आणि पहिले दोन कंट्रोल बॅटरीच्या उजेडात घेतो. अंधारात समोच्च रेषा फक्त पायांनी वाचायच्या असतात, हा त्यातला जास्तीचा फायदा. दगडाखाली हात घालायचा नाही, फुरसं असतं. लेण्यांच्या आणि कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळ असेल तर कंट्रोल तिथून लांबच लावायचा.

पण उन्हाचा पहिला घाव पायांवर बसत नाही, हे मला सगळ्यांत आधी सांगावंसं वाटतं. तो डोक्यावर बसतो. रस्त्यावर पळणाऱ्याला हे उशिरा कळतं, कारण त्याला काही ठरवायचं नसतं. नकाशा घेऊन पळणाऱ्याला लगेच कळतं. आपण आहोत तिथे अंगठा ठेवायचा आणि पुढे सरकलो तसा सरकवायचा, ही या खेळातली पहिली सवय. ऊन चढायला लागलं की अंगठा सुटतो. मग माणूस समोर दिसणाऱ्या जमिनीला नकाशात बसवायला लागतो: ही ओघळ म्हणजे तीच असणार, हे झाड तेच असणार. तो हट्टाला पेटतो. आमच्यातला एक शांत स्वभावाचा पोरगा एका जूनमध्ये नकाशा उलटा धरून चुकीच्या घळीत उतरत होता आणि जोडीदारानं हटकल्यावर त्याच्या अंगावर ओरडला. जोडीदारानं वाद घातला नाही. त्याला सावलीत बसवलं, डोक्यावर आणि मानेवर पाणी ओतलं, टोपीनं वारा घातला. पंधरा-वीस मिनिटांत तो पुन्हा आपल्यासारखा बोलायला लागला. त्याच्या अंगाला घाम येतच होता. घाम थांबला म्हणजेच ऊन लागलं, ही समजूत पळणाऱ्यांच्या बाबतीत खरी नाही, आणि तिच्यामुळे उशीर होतो.

तेव्हापासून दोघांनीच जायचं, आणि प्रत्येक कंट्रोलवर चार गोष्टी मोठ्यानं बोलायच्या: आपण कुठे आहोत, उतार कुठल्या हाताला आहे, पुढे आधी काय दिसणार, आणि काय दिसलं तर समजायचं की पुढे निघून गेलो. उत्तर अडखळलं, किंवा उत्तराऐवजी चिडचीड आली, तर तिथेच थांबायचं. उन्हात काटा आला, थंडी वाजली, तरीही. माणूस भ्रमिष्टासारखं बोलत असेल, तोल जात असेल, अंग भट्टीसारखं तापलं असेल तर तो उष्माघात आहे. तेव्हा 108 ला फोन आणि त्याच क्षणी जागेवर थंड करायला सुरुवात: कपडे सैल, मिळेल ते पाणी सगळ्या अंगावर, वारा. जवळ हौद किंवा तळं असेल तर डोकं वर धरून त्यात बसवायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. रुग्णवाहिकेची वाट बघत नुसतं बसण्यात जी मिनिटं जातात ती परत मिळत नाहीत.

आमच्याकडे येणाऱ्यांत भरतीची पोरं-पोरी वाढल्या आहेत, याचं मला फार समाधान आहे. मराठवाड्यात कुठल्याही रस्त्यावर पहाटे निघा, ही पोरं दिसतात. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. त्यासाठी ती वर्षानुवर्षं डांबरावर पळतात, बहुतेकांच्या पायात झिजलेले बूट असतात आणि पाठीशी घरच्यांच्या डोळ्यांतली वाट. त्यांना उन्हाचं शास्त्र कुणी सांगितलेलं नसतं. जास्त दमलं म्हणजे जास्त तयारी झाली, एवढंच ठाऊक. पहिल्यांदा नकाशा हातात दिला तेव्हा जालन्याकडची एक मुलगी म्हणाली, "ताई, थांबून विचार केला तर टायमिंग जातं ना?" मी तिला दोन कंट्रोलमधल्या दोन वाटा दाखवल्या आणि दोन्ही पळायला लावल्या, एक सरळ चढणीची आणि एक चरावरची. वळशाच्या वाटेनं ती लवकर पोहोचली, आणि पोहोचल्यावर तिला बोलताही येत होतं. आता नव्यांना चराचा धडा तीच देते. मैदानावरची तिची वेळही सुधारली आहे. उन्हाळाभर हळू पळून वेळ कशी सुधारली हे तिच्या मैत्रिणींना पटत नाही, म्हणून ती त्यांना पहाटे डोंगरावर घेऊन येते.

सध्या मृग चालू आहे. दवबिंदू रोज 22-23 दाखवतो. पळणं आम्ही निम्म्यावर आणलंय आणि म्हैसमाळच्या पठारावर, वारा असतो तिथे, चालत नकाशा वाचतो. पेरण्या सुरू झाल्यात, त्यामुळे नकाशावर शेतांच्या सीमा तपासून पेरलेली रानं बंद म्हणून दाखवायचं काम चाललं आहे. कापूस आणि तूर उभी असेपर्यंत ती बंदच राहतील. दसरा-दिवाळीच्या मध्ये पुन्हा दमट उन्हाचे आठवडे येतात, तेव्हा शरीर उन्हातून बाहेर पडलेलं असतं, म्हणून त्या वेळीही पहिले पंधरा दिवस घड्याळाशिवाय.

बालाघाटात, बीड-धाराशिवकडे, किंवा माहूरच्या जंगलाच्या कडेला कुणी पळत असेल तर त्यांनी आपल्या डोंगराचं असं एक पान काढायला घ्यावं. अभयारण्य असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी, गौताळ्यात आम्हीही घेतो. सुरुवातीला चार चौरस किलोमीटर पुरे. कंट्रोलसाठी नारिंगी आणि पांढरं कापड शिंप्याकडे दिलं तर तो तीन बाजूंची पिशवी शिवून देतो, एकेक बाजू तीस सेंटिमीटरची. सावलीचा आणि हापशांचा थर मात्र या पावसाळ्यात भरू नका. तो मेमध्येच भरावा लागतो, आणि ज्यांची मेंढरं त्या डोंगरावर चरतात त्यांना विचारून.